पाटे, शॉकप आणि मागचं बाकडं

गेल्या दिवाळीत यावलला गेलो होतो. (आमचं गाव. जळगाव जिल्हा, सातपुड्याच्या पायथ्याशी. ऑफिसात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न "म्हणजे येवला का?" आणि दुसरा "पैठणी स्वस्त मिळते का?" नाही हो. आमच्याकडे केळी मिळतात.) भरीत आणि कळण्याची पुरी हाणून ओट्यावर सुस्तावलो होतो, तेवढ्यात मामेभाऊ गाडीची किल्ली नाचवत आला. म्हणाला, "भाऊ, तू इंजिनीअर हायेस ना? मंग हिचं काय करायचं ते सांग."

त्याला कितीदा सांगितलंय की बाबा रे, मी जावा लिहितो. पण घरच्यांच्या लेखी इंजिनीअर म्हणजे इंजिनीअर. मिक्सरपासून मोटारीपर्यंत सगळं यायला हवं.

गाडी म्हणजे २०१४ ची थार, सेकंडहँड, फोर व्हील ड्राइव्ह. भाऊ वरच्या पाड्यांकडच्या एका आश्रमशाळेत शिकवतो. जामन्या, गाडऱ्या, लंगडा आंबा ही नावं नकाशात बघा, म्हणजे भाग कळेल. यावल अभयारण्याचा हा पट्टा १९६९ मध्ये घोषित झाला, साधारण पावणेदोनशे चौरस किलोमीटरचा. पलीकडे मध्य प्रदेश. रस्ता म्हणाल तर कुठे मुरूम, कुठे नाल्यातले गोटे, आणि सपाटीला उतरलात की काळी माती. पावसाळ्यानंतर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या सुकून सिमेंटसारख्या कडक होतात.

भावानं हौसेनं पुण्यातल्या एका दुकानातून लिफ्ट किट बसवून आणलं होतं. तीन इंच उंची, मागे जाडजूड पाटे, रंगीत शॉकप. दिसायला गाडी एकदम झकास! पण महिन्याभरापूर्वी रात्री एका पाड्यावरची म्हातारी पडली, कंबरेचं हाड मोडलं. तिला याच थारच्या मागच्या बाकड्यावर आडवी करून यावलच्या ग्रामीण रुग्णालयात आणली. भाऊ सांगत होता, "दर दगडाले ती आजी ओरडे. मी गाडी पाचच्या स्पीडनं आनली, तरी ओरडे. मले वाटलं, आपन गाडी सुधारली का बिघडवली?"

हा प्रश्न मला सोडेना. पुण्याला परतल्यावर चार वीकेंड वाचत बसलो. त्यातून हा लेख.

सुरुवात बैलगाडीपासून करू. बैलगाडीला सस्पेंशन नसतंच. लाकडी चाक, लोखंडी धाव, आस थेट साठ्याखाली. आमच्या आजीच्या आठवणीतल्या माहेरच्या वाटा दमणीतल्या. खाली कडबा, त्यावर गोधडी, झालं सस्पेंशन! तरी चालून जायचं, कारण बैल ताशी तीन-चार किलोमीटरनं चालतो. त्याच दगडावरून दुप्पट वेगानं गेलात, तर चाकाला त्याच उंचीवर निम्म्या वेळात चढायचं असतं, म्हणजे वर फेकण्याचा जोर साधारण चौपट. वेग वाढला की कडबा पुरत नाही.

रॉबर्ट हूकनं १६७८ मध्ये स्प्रिंगचा नियम छापला: जेवढा जोर, तेवढा ताण. (दोन वर्षं आधी त्यानं तोच नियम अक्षरं उलटीसुलटी करून छापला होता, दुसऱ्यानं श्रेय लाटू नये म्हणून. पहिला पासवर्ड-प्रोटेक्टेड पेपर!) पोलादी पट्ट्या घोडागाड्यांना आधीपासून लागत होत्या, पण लंडनच्या ओबाडाया इलियटनं १८०४ मध्ये लंबगोल कमानीचं पेटंट घेतलं आणि गाडीचा साठा थेट त्या कमानींवर ठेवला. आपल्याकडे टांग्याखाली जी कमान दिसायची, ती त्याच घराण्यातली.

एकावर एक रचलेल्या या पट्ट्यांना आपल्याकडचे मिस्त्री पाटे म्हणतात. पाट्यांची गंमत अशी की ते तीन कामं एकट्यानं करतात. वजन पेलतात, आसाला जागेवर धरून ठेवतात आणि पट्ट्या एकमेकींवर घासल्यामुळे थोडा झोकाही मारतात. स्वस्त, दणकट, आणि मोडले तर कुठल्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होतात. म्हणूनच १९४० च्या जुलैत अमेरिकन लष्करानं १३५ कंपन्यांकडे एक हलकी टेहळणी गाडी मागितली आणि त्यातून विलीजची जीप उभी राहिली, तेव्हा पुढे-मागे चारी बाजूंना पाटेच आले. तिच्यावर माल-माणसं मिळून जेमतेम साडेतीनशे किलो धरलेले होते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

युद्ध संपलं, देश स्वतंत्र झाला. महिंद्र अँड महंमद ही १९४५ ची कंपनी. त्यातले गुलाम महंमद पाकिस्तानात जाऊन पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये पाटी बदलून महिंद्र अँड महिंद्र झाली. सुट्या भागांतून विलीजच्या जीपगाड्या मुंबईत जोडल्या जाऊ लागल्या. कलेक्टर, फॉरेस्ट, पाटबंधारे, पुढारी सगळे जीपमध्ये. नंतर एमएम ५४० आली, कमांडर आली, मेजर आली. इंजिनं बदलली, डिझेल आलं, लांबी वाढली. पाटे मात्र तेच घराणं!

आमच्या पिढीचं बालपण कमांडरमध्ये गेलं. यावल-चोपडा, यावल-फैजपूर, कुठेही जा. ड्रायव्हरच्या उजव्या बाजूलासुद्धा एक माणूस, मागे समोरासमोरची बाकडी, टपावर पोती, पायरीवर चार जण लटकलेले. पंधरा-सतरा माणसं म्हणजे हजार किलो सहज. मग मालक मिस्त्रीकडे जायचा, मिस्त्री एक पाटा वाढवायचा. पुढच्या हंगामात अजून एक. त्याला सस्पेंशन अपग्रेड म्हणतात हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, पण खानदेशातलं पहिलं आफ्टरमार्केट सस्पेंशन तेच. भरलेली कमांडर झुलत झुलत मस्त चालायची. रिकामी परत निघाली की मात्र दात वाजायचे!

आता थोडं गणित. (नको असेल तर पुढचा परिच्छेद गाळा, रागावणार नाही.)

स्प्रिंगवर गाडी ठेवली की ती वजनानं दबते. जितकी दबेल तितकी ती सावकाश झुलते. २० सेंटिमीटर दबली तर सेकंदाला साधारण १.१ हेलकावे. ६ सेंटिमीटरच दबली तर २. आरामशीर मोटारी एक ते दीडच्या आसपास असतात. माणसाचं धड आणि कणा सेकंदाला ४ ते ८ वेळा बसणाऱ्या हादऱ्यांना सगळ्यात जास्त हलतं. म्हणजे स्प्रिंग जितकी कडक, तितके नेमके हेच हादरे आत पोचतात. आणि पाटा किती कडक, हे त्याच्या जाडीच्या घनावर ठरतं. पाच पाट्यांत तसाच सहावा घातला तर कडकपणा २० टक्क्यांनी वाढतो. पण ६ मिलिमीटरच्या जागी ८ मिलिमीटरचे पाटे टाकले तर जवळजवळ २.४ पट! डोळ्यांना दोन मिलिमीटरचाच फरक दिसतो. आजीच्या कंबरेला सगळा कळतो.

भावाच्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. दुकानदारानं दिलेले पाटे मागे कायम तीनशे किलो लादलेल्या गाडीसाठीचे होते. तसले पाटे का बनतात, याचं उत्तर ऑस्ट्रेलियात आहे.

तिकडे शेकडो किलोमीटरचे कच्चे रस्ते, त्यावर पत्र्यासारख्या लाटा. अशा लाटा का पडतात यावर २००७ मध्ये चक्क भौतिकशास्त्राच्या जर्नलमध्ये पेपर आला. गोल फिरणारी वाळू आणि त्यावर एक चाक. निष्कर्ष असा की एका ठराविक वेगाच्या वर लाटा पडतातच, चाकाला स्प्रिंग असो वा नसो. तर अशा रस्त्यांवर दोन-दोन पाण्याच्या टाक्या, जादा डिझेल, लोखंडी बंपर, विंच, टपावर तंबू, एवढा बोजा घेऊन तिकडचे लोक महिनाभर फिरतात. त्यांच्यासाठी १९७० च्या दशकात तिथे हा धंदाच उभा राहिला. अँथनी रोनाल्ड ब्राउननं १९७५ मध्ये काढलेली एआरबी त्यातलीच, ओल्ड मॅन एमू नावाचं प्रसिद्ध सस्पेंशन आज तिचंच. यात दिखावा काहीच नव्हता. बोजा खरा होता म्हणून स्प्रिंग कडक, आणि लाटांवर तेल तापून शॉकप ढिले पडतात म्हणून जाड शॉकप. आपण इंटरनेटवर फोटो बघितले, किट मागवलं आणि बोजा मात्र तिकडेच ठेवला!

शॉकपबद्दल एक गैरसमज इथेच मोडतो. नावात 'शॉक' असला तरी धक्का खायचं काम स्प्रिंगचं. शॉकप फक्त स्प्रिंगचा नाच थांबवतो. गॅब्रिएल या अमेरिकी कंपनीनं १९०७ मध्ये 'स्नबर' नावाचं यंत्र विकायला काढलं तेही या नाचासाठीच. (आपल्याकडे गॅब्रिएल इंडिया १९६१ पासून आहे.) पुढे तेलाचे शॉकप आले, मग फ्रान्समधल्या द कार्बोंनं एकाच नळीत दाबाखालचा गॅस भरण्याची युक्ती काढली आणि बिलस्टाइननं १९५७ मध्ये ती मर्सिडीजला पुरवली. उत्तम चीज, वाद नाही. पण स्प्रिंगशी जोडी जमली नाही तर महागडा शॉकपसुद्धा नुसता खुंटा होतो.

दरम्यान जगभरच्या फोर व्हील ड्राइव्ह गाड्या पाटे सोडून गोल स्प्रिंगवर गेल्या. रेंज रोव्हर १९७० मध्ये, लँड रोव्हर १९८३ पासून, लँड क्रूझर १९९० मध्ये. आपण निवांत. १९८५ ची मारुती जिप्सी चारी पाट्यांवर आली आणि शेवटपर्यंत पाट्यांवरच राहिली. मागे बसलेल्यांना विचारा! पहिल्या पिढीच्या थारनं २०१० मध्ये अर्धी वाट चालली. पुढे टॉर्शन बार (पिळली जाणारी पोलादी कांब), मागे पाटे. मागेसुद्धा गोल स्प्रिंग यायला २०२० ची नवी थार उजाडली.

या सगळ्यात माझी आवडती गाडी मात्र फोर व्हील ड्राइव्ह नाहीच. सित्रोएन टू सीव्ही. १९३० च्या दशकात पिएर बुलांजेनं इंजिनीअरांना सांगितलं, फ्रेंच शेतकऱ्यासाठी अशी गाडी करा की नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तर एकही फुटायला नको. १९४८ मध्ये गाडी पॅरिसच्या प्रदर्शनात आली. लांबलचक हालचाल करणारी मऊ स्प्रिंग, पुढचं चाक आणि मागचं चाक एकमेकांशी जोडलेलं. तिचा उतारा लिहिणाऱ्यानं आधी टोपलीत काय आहे ते विचारलं होतं. आम्ही आधी उंची किती ते विचारलं.

पुण्याहून भावाला फोन केला तेव्हा मामा शेजारीच होते. त्यांनी स्वतः बारा वर्षं कमांडर चालवलेली. माझं गणित ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुले गाडी डोंगरावर चढवायची हाये का मानसं खाली आनायची हायेत, ते ठरव पहिले." झालं! माझ्या चार वीकेंडचा अर्क एका वाक्यात.

मग जानेवारीत दोन दिवस मिस्त्रीकडे मुक्काम ठोकला. मागचे जाड पाटे काढले, मूळ मापाचे आणले. पाट्यांमध्ये गंज धरला की ते सरकतच नाहीत, एकजात लोखंडी ठोकळा होतो. म्हणून टोकांना घर्षण कमी करणाऱ्या नायलॉनच्या चकत्या घातल्या. बुश सगळे नवे. पुढे दुकानदारानं टॉर्शन बारचा बोल्ट आवळून उंची वाढवली होती. त्यानं स्प्रिंग कडक होत नाही, पण चाकाला खड्ड्यात खाली उतरायला जागाच उरत नाही आणि बॉल जॉइंट कायम वाकड्या कोनात राहतो. तो बोल्ट पुन्हा ढिला केला. शॉकप साधेच घेतले, पण मूळ पाट्यांना जुळणारे. उंची गेली, भाऊ जरा हिरमुसला. त्याला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ दाखवलं. निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ते ठणकावून सांगितलंय. गुरुत्वमध्य वर गेलेली गाडी आडव्या उतारावर काय करते, तेही कागदावर काढून दाखवलं. उंच गाडी चांगली दिसते हे मलाही मान्य आहे हो!

सगळ्यात स्वस्त उपाय शेवटी सुचला. टायरची हवा. घाट सुरू व्हायच्या आधी ३० पीएसआयची २० वर आणायची, हळू चालवायचं, डांबरी लागली की परत भरायची. डिकीत छोटा पंप ठेवला. संपूर्ण खटाटोपात हाच एक भाग नवीन म्हणून भावाला आवडला.

अंड्यांची परीक्षा आमच्या घरी शक्य नव्हती, मामी अंडी दारात येऊ देत नाहीत. म्हणून केळी. चांगल्या पिकलेल्या केळ्यांची एक फणी मागच्या बाकड्यावर नुसत्या गोधडीवर ठेवली आणि वरच्या पाड्यापर्यंत जाऊन परत आलो. बारापैकी तीन काळी पडली. भाऊ म्हणाला, जुन्या पाट्यांवर सगळीच पडली असती. तुलना केलेली नसल्यामुळे मी इंजिनीअर म्हणून गप्प बसलो.

परत येताना मामा मागेच बसले होते, त्या बाकड्यावर. नाल्यातले गोटे पार झाल्यावर मी आरशातून विचारलं, कसं वाटतंय? म्हणाले, "आजून एक पाटा काढता येईन का पाहा." त्याचं गणित करायला घेतलंय. रिकाम्या गाडीला चालेल, पण पेशंट, सोबत दोन नातेवाईक आणि शाळेचं धान्य एकाच फेरीत आलं तर आस रबरी ठोकळ्यावर आपटेल. बहुतेक पाटा राहील आणि धान्य दुसऱ्या फेरीत येईल.