मच्छ्याची मावशी आणि रक्ताची बाटली

खानापूरकडून बेळगावात शिरताना आधी मच्छे लागते. एका बाजूला कारखाने, पलीकडे विश्वेश्वरय्या तंत्रविज्ञान विद्यापीठ आणि मध्ये जुने गाव. तिथे माझी मावशी राहते. आम्ही गोंयकार बेळगावची भाजी खाऊन जगतो, त्यामुळे मावशीकडून येताना गाडीत कोबी, गाजर, मटार हे ठरलेलेच.

गेल्या खेपेला मावशी थकलेली दिसली. पायाला मुंग्या येतात, चालताना चप्पल कधी निसटते ते कळत नाही, म्हणाली. फडताळात एक बाटली होती. वर्षभर ती तेच घेत होती. "रक्त वाढलंय की रे! आधी नऊ होतं, आता अकरा झालंय. आणि सरकारी नंबर आहे त्यावर," असे तिने मलाच ऐकवले. मी लेबल वाचले. लोह आणि फोलिक ॲसिड. बाकी काही नाही.

या फोलिक ॲसिडचा इतिहास आपल्या मुंबईतून सुरू होतो, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टरीण मुंबईला आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक जीवघेणा पंडुरोग होत असे. त्याचे कारण तिला शोधायचे होते. जंतू सापडेनात, तेव्हा तिने त्यांच्या ताटाकडे पाहिले. ताट निकृष्ट होते. मग उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग झाले, आणि शेवटी उपयोगी पडले ते मार्माइट, म्हणजे यीस्टचा स्वस्त अर्क. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केले.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. दुसऱ्या एका पंडुरोगावर तेव्हा यकृताचा अर्क देत. तो चांगला शुद्ध करून दिला की त्या रोग्यांना गुण येई, पण विल्सच्या रोग्यांना येत नसे. म्हणजे दिसायला एकच असलेल्या रोगामागे दोन निरनिराळ्या उणिवा होत्या. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून विल्सचा घटक वेगळा काढला गेला. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, म्हणून नाव फोलिक ॲसिड. आंध्रातून तिकडे गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव ज्या प्रयोगशाळेचे संशोधनप्रमुख होते, तिथे १९४५ च्या सुमारास ते कृत्रिमरीत्या तयार झाले.

औषध हाती आले आणि डॉक्टरांनी ते दुसऱ्या पंडुरोगाच्या लोकांनाही दिले. रक्त भराभर सुधारले. सगळे खूश! पण काही महिन्यांत त्यांतल्या अनेकांचे हातपाय बधिर होऊ लागले, तोल जाऊ लागला. त्यांना खरी उणीव होती ती बी-१२ ची, आणि बी-१२ तर १९४८ साली वेगळे काढले गेले. फोलिक ॲसिडने रक्त सावरले, मज्जातंतूंची हानी मात्र आत चालूच राहिली. तपासणीचा कागद चांगला आणि माणूस बिघडत चाललेला.

माझी मावशी याच वाटेवर होती. ती कट्टर शाकाहारी, दूध चहापुरते. बी-१२ मिळते ते मासे, मांस, अंडी आणि दुधातून. बेळगावात डॉक्टरांनी तपासले तेव्हा बी-१२ फार कमी निघाले. इंजेक्शने सुरू झाली. मुंग्या कमी झाल्यात, पण डाव्या पायाची बोटे अजून बधिर आहेत. उशीर झाला होता.

बाटली वाईट नव्हती. गरोदर बाईला फोलिक ॲसिड हवेच. गैरसमज तिच्याभोवतीचे होते. पहिला असा, की शक्तीचे औषध कुणालाही चालते. दुसरा, की फायदा झाला नाही तरी अपाय नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी पाहणी झाली. गाजरातले बीटा-कॅरोटीन गोळीतून दिले तर फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी आशा होती. १९९४ साली निष्कर्ष आले तेव्हा गोळी घेणाऱ्यांत तो १८ टक्के जास्त निघाला! मावशीच्या परसातल्या गाजराने असे कुणाचे केल्याचे ऐकिवात नाही.

तिसरा गैरसमज सरकारी नंबराचा. यावर मी अधिकाराने बोलू शकतो, कारण माझे आयुष्य नंबर टाकण्यात चालले आहे. आमच्या कचेरीत अर्जाला आवक क्रमांक पडला म्हणजे अर्ज मंजूर झाला असे नव्हे. अन्न सुरक्षेचा चौदा आकडी क्रमांक म्हणजे उत्पादकाचा परवाना. माल तुमचा रोग बरा करतो अशी ती ग्वाही नव्हे. उलट अशा पूरक आहाराच्या लेबलावर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापावेच लागते. ते बारीक अक्षरांत असते आणि मावशीचा चष्मा जुना आहे.

विल्सबाईंनी आधी ताट पाहिले, मग औषध शोधले. आपण बाटली आधी आणतो. असो. निघताना मावशीने कोबीचे दोन गड्डे पिशवीत घातले आणि विचारले, "मग ती बाटली आता टाकायची होय रे?" म्हटले, डॉक्टरांना दाखव, ते सांगतील तसे कर.