खंदकातील बंदूक का अडकत होती?

१/ सन १९१८. फ्रान्समधील पश्चिम आघाडी. अमेरिकी सैनिकाच्या हाती विंचेस्टर कंपनीची १८९७ च्या बनावटीची बारा बोअरची बंदूक आहे. तो पुढची मूठ मागे ओढतो, पुन्हा पुढे ढकलतो आणि मूठ अर्ध्या वाटेवरच थांबते. काडतूस धड आत जात नाही, धड बाहेर येत नाही. हा दोष शोधण्याचा आणि दूर करण्याचा हा इतिहास आहे.

२/ आधी यंत्रणा समजून घेऊ. नळीखाली आणखी एक नळी असते. तीत पाच काडतुसे एकामागे एक बसतात. मूठ मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि घोडा चढतो. मूठ पुढे नेली की नवे काडतूस वर उचलले जाऊन नळीच्या मागच्या तोंडात शिरते आणि मागचा दरवाजा बंद होतो. तो पुरता बंद झाल्याखेरीज बार उडत नाही.

३/ ही रचना जॉन मोझेस ब्राउनिंग यांची. तिची पहिली आवृत्ती १८९३ ची, काळ्या दारूच्या काडतुसांसाठी घडवलेली. परंतु त्याच दशकात बिनधुराची दारू रुळू लागली. तिचा दाब जुन्या बंदुकीला झेपणारा नव्हता. बंदूक तीच होती; तिच्यात भरली जाणारी वस्तू बदलली होती.

४/ त्या वेळी उपाय बंदुकीत केला गेला. १८९७ च्या आवृत्तीत सांगाडा भक्कम झाला, त्याची वरची बाजू बंद करून काडतूस बाजूने बाहेर पडेल अशी सोय झाली. एक नवी कळही आली: बार झाल्यावर मूठ किंचित पुढे सरकली तरच ती मागे येऊ शके. त्यामुळे दारू पेटायला क्षणभर उशीर झाला, तरी दरवाजा अवेळी उघडण्याचा धोका कमी झाला.

५/ पुढे दोन दशके ही बंदूक अमेरिकेतील शिकाऱ्यांची आवडती होती. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि या बंदुकीला लष्करी रूप मिळाले: २० इंचांची आखूड नळी, हात भाजू नये म्हणून नळीवर भोकांचे पत्र्याचे आवरण आणि पुढे संगीन. एका काडतुसात सुमारे साडेआठ मिलिमीटर व्यासाचे नऊ छर्रे. अरुंद खंदकात तिच्यासमोर टिकणे कठीण होते.

६/ आणि तिथेच ती अडकू लागली. मूठ अडली की संशय साहजिकच यंत्रणेवर जातो: स्प्रिंग थकली असेल, चिखल शिरला असेल, एखादा भाग वाकला असेल. पण तीच बंदूक कोरड्या काडतुसांवर सुरळीत चालत असेल, तर यंत्रणेला दोष कसा द्यावा?

७/ खरा दोष काडतुसात होता. त्या काळी काडतुसाचे बूड पितळेचे आणि वरची नळी कागदाची असे. कागदावर मेण असले, तरी दिवसेंदिवस चिखलपाण्यात राहिल्यावर ओल आत शिरे आणि कागद फुगे. वायू मागे निसटू नये म्हणून काडतूस नळीच्या तोंडात घट्टच बसावे लागते. तिथे केसाएवढी वाढही पुरते.

८/ पाणथळीत बदके टिपणाऱ्या शिकाऱ्यांना हा त्रास अपरिचित नव्हता. परंतु शिकारी संध्याकाळी घरी परते आणि काडतुसे वाळत. खंदकातील सैनिकाला संध्याकाळही खंदकातच काढायची होती.

९/ म्हणून या वेळी बंदुकीला हात न लावता काडतूस बदलण्यात आले. अमेरिकी लष्कराने संपूर्ण पितळी काडतुसे मागवली. पितळ महाग आणि जड, पण ते ओलीने फुगत नाही. उपाय अचूक होता. मात्र ती काडतुसे पुरेशा संख्येने पोहोचण्याआधीच ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध थांबले.

१०/ दरम्यान सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मनीने या बंदुकीविरुद्ध औपचारिक निषेध नोंदवला. १९०७ च्या हेग करारातील, अनावश्यक यातना देणाऱ्या शस्त्रांना मनाई करणाऱ्या कलमाचा तिने आधार घेतला. ज्या कैद्याजवळ अशी बंदूक किंवा तिची काडतुसे सापडतील, त्याला प्राणास मुकावे लागेल, अशी धमकीही दिली. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लान्सिंग यांनी आरोप फेटाळला आणि धमकी अमलात आणल्यास जशास तसे उत्तर देण्याचा इशारा दिला.

११/ सैनिकाची कोंडी इथे स्पष्ट दिसते. खिशातले ओले काडतूस ऐन वेळी त्याला वाचवील याची खात्री नव्हती. पण पकडला गेल्यास तेच काडतूस त्याच्या मृत्यूचे कारण ठरू शकत होते.

१२/ धडा लक्षात राहिला का? नाही. दुसऱ्या महायुद्धात हीच बंदूक पॅसिफिकच्या दमट बेटांवर गेली, पुन्हा कागदी काडतुसे घेऊन. ती पुन्हा फुगली. पुन्हा पितळी काडतूस आणावे लागले. त्याचे लष्करी नाव ‘एम १९’. तेही युद्धाच्या उत्तरार्धातच उपयोगात आले.

१३/ विंचेस्टरने १९५७ मध्ये या बंदुकीचे उत्पादन थांबवले; तोवर दहा लाखांहून अधिक नग तयार झाले होते. १९६० मध्ये रेमिंग्टन कंपनीने प्लास्टिकचे काडतूस बाजारात आणले, आणि पुढे कागद मागे पडत गेल्यावर हा जुना आजार ओसरला.

१४/ पहिल्या वेळी काडतूस बदलले म्हणून बंदूक बदलावी लागली; दुसऱ्या वेळी हवापाणी बदलले म्हणून काडतूस. बंदूक, काडतूस आणि रणभूमी ही एकाच यंत्राची अंगे आहेत. लष्कराला पितळेचा उपाय १९१८ मध्येच सापडला होता. पुढच्या युद्धाला निघताना तो सोबत घेण्याचे मात्र राहून गेले, आणि त्याची किंमत पुन्हा खंदकातल्या माणसाच्या वाट्याला आली.