मुंबई ते कराची : मैलांचा आणि तासांचा हिशेब

अमुक शहर किती दूर, असे कोणी विचारले म्हणजे आपण नकाशा उघडून मैल मोजू लागतो. प्रवाशाला मात्र मैलांपेक्षा तासांची चिंता अधिक. आणि तासांचा हिशेब केवळ यंत्राच्या वेगावर ठरत नाही. मुंबई आणि कराची यांमधील विमानमार्गाचा इतिहास या गोष्टीची उत्तम साक्ष देतो.

सरळ हवाई रेषेने ही शहरे परस्परांपासून सुमारे ५५० मैलांवर आहेत. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच मोडत असल्यामुळे दोन्ही एकाच कारभाराखाली नांदत होती. परंतु मध्ये कच्छचे रण पसरलेले. आगगाडीने जावे तर मारवाडचा मोठा वळसा पडे. म्हणून पुष्कळ लोक आगबोटीची वाट धरीत. १९२९ साली लंडनची हवाई टपाल कराचीपर्यंत येऊ लागली, तेव्हा या वळशाची उणीव विशेष जाणवली. आठवड्याभरात विलायतेहून कराचीस पोहोचलेले पत्र पुढे मुंबईस येताना रुळांवर रखडत असे!

ही उणीव १५ ऑक्टोबर १९३२ रोजी दूर झाली. त्या दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमारास अठ्ठावीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून ‘पस मॉथ’ नावाच्या एका इंजिनाच्या चिमुकल्या विमानात टपालाच्या थैल्या घेऊन निघाले. जवळ बिनतारी यंत्र नव्हते. वाटेवर मार्ग दाखविणारे दिवेही नव्हते. अहमदाबादेस ते उतरले, तेव्हा विमानासाठी पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडीतून. नव्या युगाच्या वाहनाला जुन्या युगाच्या वाहनाने असा हातभार लावला, आणि दुपारी दोनच्या आत विमान जुहूच्या मैदानावर टेकले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बल्लारीमार्गे मद्रासेस नेली. कराची मुंबईपासून आता अवघ्या सव्वासात तासांवर आली होती. पावसाळ्यात मात्र जुहूचे मैदान चिखलात बुडे आणि विमानांना पुण्याचा आश्रय घ्यावा लागे.

पुढे विमाने मोठी झाली, वेग वाढला. जेट विमानाला हे अंतर कापावयास दीड तास पुरू लागला. परंतु १९४७ साली या मार्गावर देशाची सीमा आली होती. १९६५ च्या युद्धात विमानांची ये-जा थांबली. १९७१ च्या युद्धाने ती पुन्हा तुटली, ती १९७६ मध्ये जुळली. २००२ च्या आरंभी आकाश मिटले, ते २००४ च्या आरंभी उघडले. २०२५ च्या एप्रिलमध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना पुन्हा मनाई केली. मुंबई-कराची थेट सेवा तर त्याआधीच बंद पडली होती. अशा वेळी प्रवाशाने दुबईची वाट धरली, तर ५५० मैलांच्या जागी सुमारे १,९०० मैलांचा फेरा पडतो. मधला खोळंबा जमेस धरता टाटांचे सव्वासात तासही सहज उलटून जातात.

१९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, टाटांनी तशाच एका लहानशा विमानातून कराचीहून जुहूपर्यंतचा तो प्रवास पुन्हा एकट्याने केला. पन्नास वर्षांत मैल एकानेही वाढले नव्हते. रण, चिखल, पाऊस या सर्वांवर विमानाने मात केली. माणसांनी आकाशात ओढलेली रेघ ओलांडणे मात्र कोणत्याही इंजिनाच्या हाती नाही.