पहिल्या आठात असाल तरच या! एशियाडचं फुटबॉल आणि एका निकषाची गोष्ट

२०१८ च्या जकार्ता एशियाडला भारताचा फुटबॉल संघ गेला नाही. पुरुषांचा नाही, महिलांचाही नाही. भारतीय ऑलिम्पिक संघटनेचं म्हणणं असं की सांघिक खेळात आशियातल्या पहिल्या आठांत असेल तोच संघ जाईल. २०२३ मध्ये हांगझोऊच्या वेळी क्रीडा मंत्रालयाने हाच निकष पुढे केला, बरीच ओरड झाली आणि जुलै महिन्यात दोन्ही संघांसाठी तो शिथिल झाला. हा वाद वर्तमानपत्रांच्या क्रीडापानापुरताच राहिला. आम्हाला तो त्या पानाबाहेरचा वाटतो. आधी गुणवत्ता दाखवा, मग संधी देऊ, हे आपण शाळेच्या प्रवेशापासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत ऐकत आलो आहोत. आणि ही गुणवत्ता मोजायची पट्टी कोणी बनवली असं विचारलं की समोरचा माणूस चिडतो, हेही आपल्याला ठाऊक आहे. म्हणून या एका पट्टीचा इतिहास तपासू.

पहिलं एशियाड मार्च १९५१ मध्ये दिल्लीत झालं. फुटबॉलमध्ये सहा संघ होते. भारताने इंडोनेशियाला हरवलं, अफगाणिस्तानला हरवलं आणि अंतिम सामन्यात मेवालाल यांच्या एकमेव गोलवर इराणला हरवून सुवर्णपदक घेतलं. तीन सामने, एक सुवर्ण. कर्णधार सैलेन मन्ना. त्या काळात आपले अनेक खेळाडू अनवाणी खेळत. तेव्हा क्रमवारी नावाचा प्रकारच नव्हता. पुरुषांची फिफा क्रमवारी आली १९९२ च्या अखेरीस आणि महिलांची २००३ मध्ये. मैदानात उतरा आणि काय ते दाखवा, एवढाच नियम होता.

पुढे १९६२ चं जकार्ता. इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना इंडोनेशियाने येऊ दिलं नाही, त्यावर भारताचे गुरु दत्त सोंधी बोलले, आणि तिथल्या लोकांचा राग भारतीय पथकावर निघाला. अशा वातावरणात ४ सप्टेंबरला अंतिम सामना झाला. समोर दक्षिण कोरिया, ज्यांच्याकडून भारत पहिलाच सामना ०-२ असा हरला होता. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांनी गोल केले, भारत २-१ ने जिंकला. जर्नेल सिंग खरे बचावपटू. डोक्याला टाके पडलेले असताना प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना आघाडीला खेळवलं. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाने आजारी होते, वर्षभराच्या आत ते गेले. 'मैदान' हा चित्रपट आल्यामुळे ही गोष्ट आता नव्या पिढीलाही माहीत झाली आहे. १९७० मध्ये बँकॉकला कांस्यपदक मिळालं. त्यानंतर आजपर्यंत पुरुषांना एशियाडच्या फुटबॉलमध्ये पदक नाही.

इथपर्यंतचा इतिहास सगळे सांगतात. याच काळात आपल्या मुली काय करत होत्या, हे मात्र फार थोडे सांगतात.

भारतात महिला फुटबॉलची वेगळी संघटना १९७५ मध्ये उभी राहिली. वेगळी, कारण पुरुषांच्या महासंघाने हा खेळ आपला मानलाच नव्हता. आशिया पातळीवरही तेच. महिलांचा आशियाई महासंघ स्वतंत्र होता आणि १९८६ पर्यंत तो मुख्य आशियाई फुटबॉल महासंघाच्या बाहेरच राहिला. या बाहेरच्यांनीच आपली आशियाई स्पर्धा सुरू केली. १९८० च्या जानेवारीत ती कालिकतला झाली. यजमान म्हणून भारताने दोन संघ उतरवले आणि त्यातला एक थेट अंतिम सामन्यात गेला, तिथे तैवानकडून हरला. १९८१ मध्ये हाँगकाँगला भारत तिसरा आला. १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा अंतिम सामना, या वेळी थायलंडकडून हार. चार वर्षांत दोनदा उपविजेतेपद आणि एकदा तिसरा क्रमांक! आजचा 'पहिल्या आठांचा' निकष तेव्हा लावला असता तर या मुली मान ताठ ठेवून आत गेल्या असत्या.

पण आत जायला दारच नव्हतं. त्यांच्या ऐन उमेदीच्या काळात, १९८२ मध्ये एशियाड पुन्हा दिल्लीत भरलं. नवी स्टेडियमं, उड्डाणपूल, रंगीत दूरदर्शन, सगळा थाट. त्या एशियाडमध्ये महिला हॉकीचा पहिल्यांदा समावेश झाला आणि भारताने पहिल्याच फटक्यात सुवर्ण मिळवलं. म्हणजे सांघिक मैदानी खेळात महिलांना आणणं अशक्य नव्हतं. महिला फुटबॉल मात्र नव्हतं. पुरुषांचं होतं, आणि आपले पुरुष उपांत्यपूर्व फेरीत सौदी अरेबियाकडून हरले. आशियाच्या उपविजेत्या मुलींना आपल्याच देशातलं एशियाड प्रेक्षक म्हणून बघावं लागलं.

महिला फुटबॉल एशियाडमध्ये आलं ते १९९० मध्ये, बीजिंगला. पुरुषांनंतर ३९ वर्षांनी. आता दार उघडलं, तर भारताने संघच पाठवला नाही. १९९४ लाही नाही. १९९८ मध्ये बँकॉकला पहिल्यांदा संघ गेला आणि चीनकडून ०-१६ असा हरला. लोक हा आकडा दाखवतात आणि म्हणतात, बघा, लायकीच नाही. पंधरा वर्षांपूर्वी आशियाच्या अंतिम सामन्यात खेळणारा देश सोळा गोल खातो, तेव्हा मधल्या पंधरा वर्षांत कोणी काय केलं हे विचारायला नको? चीन, जपान आणि उत्तर कोरियाने त्या काळात मुलींचे संघ बांधले. म्हणून २०२३ पर्यंतची नऊच्या नऊ सुवर्णपदकं त्यांच्याकडे आहेत, प्रत्येकी तीन. पुरुषांत सहा सुवर्णं असलेल्या दक्षिण कोरियाला महिलांत एकही नाही. इराण, इराक, कतार यांनी पुरुषांची सुवर्णं घेतली आहेत, पण पश्चिम आशियातल्या एकाही देशाच्या महिलांना तिथवर जाता आलेलं नाही. कोणत्या समाजाने मुलींना मैदान कधी दिलं, त्याचा हा सरळ हिशेब आहे.

आपल्याकडे काय झालं? या नऊ एशियाडपैकी भारताचा महिला संघ फक्त तीनमध्ये खेळला: १९९८, २०१४ आणि हांगझोऊ. मणिपूरच्या ओइनाम बेमबेम देवी १९९५ ते २०१६ भारतासाठी खेळल्या, पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कारकिर्दीत पाच एशियाड झाली. भारताचा महिला संघ दोनमध्येच होता.

आता क्रमवारी कशी तयार होते ते बघा. संघ सामने खेळतो, त्याचे गुण धरले जातात. सामने ठरवतं कोण? महासंघ. पैसे देतं कोण? महासंघ आणि सरकार. तेव्हा संघ दीड वर्ष सामनाच खेळला नाही तर फिफा त्याचं नाव यादीतून काढत असे. २००९ मध्ये भारताच्या महिला संघाचं नाव असंच काढलं गेलं. त्या मुली कोणाकडून हरल्या नव्हत्या, त्यांना कोणाशी खेळवलंच नव्हतं. ज्यांनी खेळवलं नाही त्यांचा हिशेब कोणी मागितला नाही, आणि पुढे त्याच क्रमवारीचा कागद खेळाडूंच्या तोंडावर धरला गेला.

निकषात दुसरीही एक गंमत आहे. २००२ पासून एशियाडमध्ये पुरुषांचं फुटबॉल तेवीस वर्षांखालच्यांचं झालं, फक्त तीन मोठे खेळाडू चालतात. (हांगझोऊ एक वर्ष लांबल्यामुळे तिथे मर्यादा चोवीसची होती.) महिलांना वयाची अट नाही, तिथे देशाचा खरा पहिला संघ उतरतो. म्हणजे पुरुषांच्या बाबतीत मोठ्यांच्या संघाचा क्रमांक बघून पोरांच्या संघाचं भवितव्य ठरवलं जातं! आणि २०२३ मध्ये आशियाई यादीत महिला संघ पुरुषांच्या वर होता, आठाच्या रेषेला जास्त जवळ होता. तरी गाजलं ते पुरुष संघाचे प्रशिक्षक इगोर श्टिमाच यांनी पंतप्रधानांना केलेलं आवाहन. निकष सैल झाला तेव्हा महिलांनाही जाता आलं. पुरुषांसाठी आवाज उठला नसता तर त्यांच्यासाठी कोणी उठवला असता का, याबद्दल आम्हाला शंका आहे.

काही वाचक म्हणतील, जाऊन तरी काय मिळवलं? पुरुष चीनकडून १-५ हरले, बांगलादेशला हरवून आणि म्यानमारशी बरोबरी करून बाद फेरीत गेले, तिथे सौदीने ०-२ ने घरी पाठवलं. चीनविरुद्धच्या सामन्याआधी संघाला धड विश्रांतीही मिळाली नव्हती, कारण क्लब खेळाडू सोडायला तयार नव्हते. महिला तैवानकडून १-२ आणि थायलंडकडून ०-१ अशा हरल्या. एकेका गोलचा फरक. ०-१६ पासून इथपर्यंत मुली आल्या त्या खेळूनच आल्या.

आणि हा मानपानाचा प्रश्न नाही, पोटाचा आहे. दक्षिण कोरियात एशियाडचं सुवर्ण मिळालं की सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळते. २०१८ मध्ये सोन ह्युंग-मिनसारख्या खेळाडूची कारकीर्द त्यामुळे अखंड राहिली. आपल्याकडे महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, रेल्वे आणि पोलिसांत क्रीडा कोट्यातून भरती होते, आणि तिथे तुम्ही कोणत्या स्पर्धेत खेळलात याला वजन असतं. ज्या घरात वडील मजुरीला जातात, त्या घरातल्या मुलीला एशियाडच्या प्रमाणपत्राचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आम्ही ज्या वस्त्यांत काम करतो तिथे मुलींना मैदान मिळतं ते क्रिकेटवाली मुलं घरी गेल्यावर, म्हणजे अंधार पडल्यावर. त्यांनाही उद्या कोणी तरी क्रमांक विचारणारच आहे.

जुलै २०२५ मध्ये चिआंग माईला आशिया चषकाच्या पात्रता फेरीचा शेवटचा सामना झाला. समोर थायलंड, म्हणजे हांगझोऊला भारताला हरवणारा संघ, तोही त्यांच्याच मैदानावर. जागतिक क्रमवारीत थायलंड ४६ वा होता आणि भारत ७० वा. संगीता बासफोरने दोन गोल केले, भारत २-१ ने जिंकला आणि पात्रता फेरी जिंकून पहिल्यांदाच आशिया चषकात पोहोचला.