राजधानीचा घसारा

आमच्या झरी जामणीला आजवर कोणी राजधानी म्हटलेले नाही. तालुक्याचे ठिकाण म्हणतात, तेवढ्यावर आम्ही खूश आहोत. गावाचे नावच मुळी संयुक्त खात्यासारखे. झरी आणि जामणी, दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो! अशा ठिकाणच्या बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाला राजधानी बघायची हुक्की आली तर तो दिल्लीला जातो, निदान मुंबईला. वर्धा नदी ओलांडली की पलीकडे एक सबंध राजधानी उभी आहे आणि ती सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखी आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. रजेच्या अर्जावर लिहायला 'चंद्रपूर' हे कारण आहे तरी कुठे? चंद्रपूरला माणूस दवाखान्यात जातो, नाहीतर सोयरिकीला.

आम्ही गेलो त्याला कारण आमचे साहेब. साहेब नुकतेच मुलाकडे युरोपला जाऊन आले होते. तिथून त्यांनी एका दिवसाच्या सहलीत बेलग्रेड उरकले. सर्बियाची राजधानी. सावा आणि डॅन्यूब नद्यांच्या संगमावर किल्ला, १५२१ साली तुर्कांनी घेतला, मग कोणी कोणी घेतला, कोणी कोणी सोडला, आणि आता त्यात बाग आहे. साहेबांनी हे सर्व आम्हांला तीन मधल्या सुट्ट्यांत सांगितले. चौथ्या दिवशी आमचा शिपाई चहाचे कप उचलता उचलता म्हणाला, "सायेब, दोन नद्यांचा संगम, राजाचा कोट, हे तं आमच्या चांद्यालेही हाये. तिकिटाले किती लागले म्हन्ता तुमाले?"

साहेबांनी तिकिटाचा आकडा सांगितला नाही, पण पुढच्या रविवारी गाडी ठरली.

या शिपायाला शाखेत सगळे 'राजे' म्हणतात. तो राजगोंड आहे. शाखेत राजे एकच असल्यामुळे आणि प्रजा आम्ही सहाजण असल्यामुळे चहा मात्र राजेच आणतात. लोकशाही म्हणतात ती हीच.

तर एका भाड्याच्या जीपमध्ये साहेब, साहेबांच्या सौभाग्यवती, आमचे रोखपाल, मी, आमची सौ., राजे आणि राजांची नववीतली मुलगी असे सातजण निघालो. मुकुटबन मागे टाकून वणीला चहा घेतला. हे वणी एके काळी स्वतः जिल्हा होते. इंग्रजांच्या दप्तरात आमच्या जिल्ह्याचे नाव वणी जिल्हा असेच होते. ते १९०५ साली बदलून यवतमाळ झाले. पदावनती झालेल्या अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर जो भाव असतो, तो वणीच्या जुन्या माणसाच्या चेहऱ्यावर मला नेहमी दिसतो. पुढे घुग्घुस आले. इथे कोळसा जमिनीखाली असतो, जमिनीवर असतो आणि वाऱ्यावरही असतो. पांढरा सदरा घालून आलेले रोखपाल चंद्रपूरला उतरले तेव्हा बाकीच्यांशी बऱ्यापैकी मिळतेजुळते झाले होते.

जटपुरा दरवाज्यापाशी आमचे वाटाडे उभे होते. निवृत्त प्राथमिक शिक्षक. हातात छत्री, खिशात खडू. खडू कशाला म्हणाल, तर गुरुजी नकाशा रस्त्यावर काढतात. पहिली पाच मिनिटे त्यांचे बोलणेच ऐकू येईना, कारण त्या दरवाज्यातून सारे चंद्रपूर एकाच वेळी आत जात होते आणि एकाच वेळी बाहेर येत होते. मोटारसायकली, ऑटो, हातगाड्या आणि एक वरात. शत्रूला अडवायला बांधलेला दरवाजा आता फक्त सोयऱ्याधायऱ्यांना अडवतो.

"वर बघा," गुरुजी ओरडले. वर दगडात हत्तीवर मात करणारा सिंह कोरलेला. गोंड राजांचे चिन्ह. राजांची मुलगी मान वर करून बघत राहिली. मागून एका ऑटोवाल्याने भोंगा वाजवला. सिंहाला त्याची सवय असावी.

मग गुरुजींनी गोष्ट सांगितली. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात बल्लारपूरला खांडक्या बल्लाळशाह राज्य करीत होता. खांडूक म्हणजे गळू. राजाच्या अंगावर गळवे होती, म्हणून खांडक्या. (आमच्याकडे व्यंगावरून नाव ठेवण्याची पद्धत राजापासून चालत आली आहे, हे ऐकून रोखपालांना बरे वाटले. शाखेत त्यांना काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही.) हा राजा शिकारीला गेला असता तहानेने व्याकूळ झाला. झरपट नदीच्या कोरड्या पात्रात एका खळग्यात पाणी सापडले. ते प्याला, तोंड धुतले, रात्री गाढ झोपला आणि सकाळी बघतो तो गळवे गायब! राणीने खळगा साफ करवला, तेव्हा दगडात गाईच्या पावलांचे ठसे निघाले. तिथे अचलेश्वराचे देऊळ झाले. पुन्हा एकदा त्याच बाजूला राजाने पाहिले तर एक ससा त्याच्या कुत्र्याच्या मागे लागलेला. ससा कुत्र्याच्या मागे! राजाने घरी येऊन राणीला सांगितले. राणी म्हणाली, ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेने कोट बांधा.

"म्हणजे सगळं राणीनंच ठरवलं," आमची सौ. म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिले नाही. पाहायची गरज नव्हती.

ससा आणि कुत्रा अहमदाबादच्या गोष्टीतही आहेत आणि विजयनगरच्या गोष्टीतही. आपल्या देशात नगररचनाकार म्हणून बहुधा ससाच नेमीत असत. पण चंद्रपूरचा ससा जरा जास्तच पळाला. तटाचा घेर सुमारे ११ किलोमीटर भरतो, आणि तो सरळ म्हणून नाही. पाया खांडक्याने घातला. काम पुरे व्हायला पुढच्या कित्येक राजांच्या कारकिर्दी गेल्या. सार्वजनिक बांधकामाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. फरक एवढाच, की ते बांधकाम अजून उभे आहे.

इरई आणि झरपट यांच्या संगमावरचे हे शहर. चार दिशांना चार दरवाजे : जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. शिवाय पाच खिडक्या : बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण. खिडकी म्हणजे तटातले लहान दार. मसण खिडकीतून प्रेत न्यायचे. हे ऐकून मला आमच्या शाखेची आठवण झाली. आमच्याही तीन खिडक्या आहेत, आणि पीककर्जाच्या खिडकीला शेतकरी मनातल्या मनात काय म्हणत असतील ते मला त्या दिवशी कळले.

कर्जावरून आठवले. गुरुजींनी हीरशाह नावाच्या राजाची हकिकत सांगितली. त्याचा नियम असा, की जो रान तोडून जमीन वहितीला आणील त्याला ती जमीन, आणि जो तळे बांधील त्याला त्या तळ्याचे पाणी पोचेल तेवढी जमीन. बस्स. अर्ज नाही, दोन जामीनदार नाहीत, 'थकबाकी नाही'चा दाखला नाही, पासपोर्ट आकाराचे फोटो नाहीत. मी बी.कॉम. झालो, वीस वर्षे बँकेत काढली, पण कर्जाची याहून सुटसुटीत योजना माझ्या टेबलावर आली नाही. आणि वसुली? वसुली तळ्यातच जमा! १८६९ साली मेजर ल्यूसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने इथल्या जमाबंदीचा अहवाल लिहिला, त्यात त्याने गोंड राज्याच्या सुव्यवस्थेची आणि भरभराटीची मनापासून तारीफ केली आहे. सरकारी अहवालात आधीच्या सरकारची तारीफ! असा अहवाल मी तरी दुसरा ऐकला नाही.

दुपारी आम्ही अचलेश्वराजवळच्या समाध्यांपाशी गेलो. सर्वांत भव्य समाधी बीरशाह राजाची. तो अंगरक्षकाच्या हातून मारला गेला. राणी हिराईने दत्तक मुलाच्या नावाने अठराव्या शतकाच्या आरंभी कारभार पाहिला, नवऱ्याची ही समाधी बांधली आणि महाकालीचे देऊळही बांधले. आज चैत्रात मराठवाड्यातून आणि तेलंगणातून माणसांचे लोंढे त्या महाकालीला येतात. ताजमहाल नवऱ्याने बायकोसाठी बांधला, ते साऱ्या जगाला ठाऊक. बायकोने नवऱ्यासाठी बांधलेले हे काम चंद्रपूरकरांना ठाऊक. साहेबांच्या सौभाग्यवती बराच वेळ समाधीकडे आणि मग साहेबांकडे बघत होत्या. साहेब घाईघाईने म्हणाले, "चला, पुढचं बघू."

पुढचे म्हणजे पुढचा इतिहास, आणि तो काही तितका गोड नाही. १७५१ साली नागपूरकर भोसल्यांनी शेवटचा गोंड राजा नीलकंठशाह याला कैद केले आणि राज्य संपले. १८१८ साली कर्नल ॲडम्स आला. एप्रिलमध्ये त्याने दुसऱ्या बाजीरावाला आमच्या पांढरकवड्याजवळ गाठून पिटाळले, म्हणजे आमच्या दारावरूनच गेला म्हणायचा, आणि मे महिन्यात चांद्याला तोफा लावल्या. मे महिन्यात! चंद्रपूरच्या मेमध्ये आम्ही फटफटीला किल्ली लावायला भितो. २० मे रोजी इंग्रज तट फोडून आत शिरले. किल्लेदार गंगासिंग लढाईत पडला. पुढे १८५४ साली नागपूरचे राज्यच खालसा झाले आणि त्याबरोबर चांदाही.

तुरुंगाच्या बाहेर गुरुजी थांबले. छत्री मिटली. "इथं बाबुराव शेडमाकेला फाशी दिली. २१ ऑक्टोबर १८५८. राजगोंड जमीनदाराचा पोरगा. वय पंचविशीचं." आत एक पिंपळ आहे, दरवर्षी त्या दिवशी लोक तिथे डोके टेकायला येतात. आमचा तो दिवस नव्हता, म्हणून आम्ही बाहेरूनच भिंतीकडे पाहिले. राजांनी चपला काढल्या. कोणी काही बोलले नाही. रोखपालसुद्धा.

थोड्या वेळाने राजांनी गुरुजींना विचारले, "गुरुजी, या कोटावर कुठी लिहेल आहे का, आमी गोंड हावो म्हनून?"

गुरुजींना प्रश्न कळेना. मला कळला. मुलीच्या जातपडताळणीसाठी राजे गेले वर्षभर एका कार्यालयाच्या पायऱ्या चढत होते. १९५० पूर्वीचा कागद आणा म्हणतात. राजांच्या आजोबांनी जंगल ठेवले, ढोरे ठेवली, कागद ठेवला नाही. ज्यांच्या सिंहाने सबंध शहराला पहारा दिला, त्यांच्या नातीला शाळेच्या दाखलखारिजातली एक ओळ मिळेना! सिंह आहे, हत्ती आहे, ११ किलोमीटर दगड आहे. पण दगडाची साक्षांकित प्रत निघत नाही.

"लिहिलेलं नाही बाबा," गुरुजी म्हणाले, "पण बांधलेलं आहे." आणि त्यांनी खडू काढून मुलीच्या हातात दिला. तिने फरसबंदीवर तो सिंह काढला. सिंहापेक्षा हत्ती चांगला आला.

शेवटी आम्ही तटावर चढलो. पूर्वी इथे झाडाझुडपांतून वाट नव्हती. इको-प्रो या संस्थेच्या पोरांनी २०१७ पासून श्रमदानाने तट साफ करायला घेतला आणि लोकांना त्यावरून हिंडवायलाही सुरुवात केली. एका बाजूला कौले आणि गच्च्या, दुसऱ्या बाजूला नदी, आणि लांबवर वीज केंद्राचे धुराडे. साहेब हळूच म्हणाले, "बेलग्रेडला यापेक्षा गर्दी होती." ही त्यांची चंद्रपूरला मिळालेली पावती. आम्ही ती जमा करून घेतली.

परतताना जीपमध्ये मी राजांना घसारा समजावून सांगितला. कुठलीही वस्तू जुनी झाली की दरवर्षी तिची किंमत वहीतून थोडी थोडी उतरवायची. कपाट असो, खुर्ची असो, तट असो. उतरवता उतरवता किंमत शून्यावर येते. पण वस्तू अजून वापरात असेल तर शहाणा हिशेबनीस तिला शून्य करीत नाही. वहीत एक रुपया किमतीने ठेवतो. का? तर ती वस्तू आहे, हे पुढच्या माणसाला कळावे म्हणून. शून्य केली की वहीतून नाव जाते, आणि नाव गेले की एक दिवस कोणीतरी ती भंगारात विकून मोकळा होतो.

राजांनी नीट ऐकून घेतले. मुलगी त्यांच्या खांद्यावर डोके ठेवून झोपली होती. बोटांना अजून खडू होता. वर्धेचा पूल आला, पलीकडे आपला जिल्हा लागला, तेव्हा ते म्हणाले,

"एक रुपया तं एक रुपया, सायेब. पन खातं बंद नोका करू."