अराकाची काडी

मक्का-मदिनेच्या मशिदींबाहेर वीतभर लांबीच्या ओलसर काड्यांच्या जुड्या आजही विकावयास मांडलेल्या दिसतात. अराक, म्हणजे आपल्याकडचा पीलू, या वृक्षाच्या मुळांची ही मिसवाक, म्हणजे दात घासण्याची काडी, अरबस्तानात इस्लामपूर्व काळापासून प्रचारात होती. सातव्या शतकात त्या सवयीस धर्माचे अधिष्ठान लाभले: अनुयायांवर भार पडला नसता, तर प्रत्येक नमाजाच्या वेळी तिचा हुकूमच फर्मावला असता, अशा आशयाचे पैगंबरांचे वचन हदीसग्रंथांत नमूद आहे, आणि व्याधी जडण्यापूर्वीच तिचा बंदोबस्त करणारी ही शिस्त एका समाजाने इतकी शतके जतन करावी, ही आरोग्याच्या इतिहासातील थोर घटना होय, असे मला मनापासून वाटते.

काडीचे टोक सोलून चावले की तंतू सुटून त्यांचा कुंचला होतो, तिखटसर रस जिभेला झोंबतो, आणि टोक झिजले की ते कापून नवे काढावयाचे. तिच्यातील बेंझिल आयसोथायोसायनेट हे द्रव्य जंतुनाशक असल्याचे संशोधकांनी दाखविले आहे.

परंतु खनिज तेलाच्या सुबत्तेबरोबर अरबस्तानात साखरेची पेयेही घरोघर शिरली, दंतक्षय व मधुमेह बळावले, आणि मधुमेहाने हिरड्या व रोगट हिरड्यांनी मधुमेह अधिक बिघडतो. म्हणूनच २०१७ साली सौदी सरकारने शीतपेयांवर ५० टक्के आणि ऊर्जापेयांवर १०० टक्के कर बसविला, हे उचितच झाले.