रक्षकाचे दुसरे रूप

१९४८ साली अमेरिकेत कझाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वादुपिंडातून एक लहानसे प्रथिन वेगळे केले. ट्रिप्सिन हे पाचक विकर अवेळी जागे होऊन स्वादुपिंडच पचवू लागले, तर त्याला आवरणे हे त्याचे काम. हा आवर सुटला की दाह होतो. भारतातील उष्णकटिबंधीय स्वादुपिंडदाहाच्या अनेक रुग्णांत याच ‘स्पिंक-१’च्या जनुकात बदल आढळले. म्हणजे हा रक्षकच.

२००८ साली मात्र मिशिगन विद्यापीठातील अरुल चिन्नय्यन यांच्या गटाला प्रोस्टेटच्या सुमारे १० टक्के कर्करोगांत हे प्रथिन भलत्याच प्रमाणात सापडले. याच गटाने २००५ मध्ये शोधलेले ‘ईआरजी’चे जोडजनुक या गाठींत नव्हते, आणि त्या अधिक आक्रमक होत्या. तीव्र दाहातही स्पिंक-१ रक्तात वाढते. त्यामुळे केवळ रक्तातील प्रमाणावरून कर्करोगाचे निदान करता येत नाही.

मिशिगनमध्ये याच विषयावर काम केलेल्या बुशरा अतीक पुढे आयआयटी कानपूरला आल्या. त्यांच्या गटाचा २०२० मधील निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे. पुरुषसंप्रेरक रोखण्याचा उपचार चार्ल्स हगिन्स यांच्या १९४१ मधील कार्यापासून चालत आलेला. त्यासाठी त्यांना १९६६चे नोबेलही मिळाले. परंतु हेच संप्रेरक स्पिंक-१ला दाबून ठेवते. ते रोखताच स्पिंक-१ वाढते आणि काही पेशी चेता-अंतःस्रावी वळण घेऊ लागतात, ज्यांच्यापुढे तो उपचार निष्प्रभ ठरतो. स्पिंक-१ला आवरणारे ‘रेस्ट’ हे दुसरे प्रथिन टिकवून धरले, तर ही वाढ रोखता येते, हेही कानपूरच्या प्रयोगांत दिसले.